नवा मदरबोर्ड टाकला तरी कॉम्प्युटर बंद पडतो: दोष शोधायची सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कॉम्प्युटरचा जुना बोर्ड जळला, त्या जागी इंटेलच्या एच६१ चिपसेटचा नवा बोर्ड टाकला. प्रोसेसर जुनाच, आय-५ २४००. ४ जीबीच्या दोन रॅम, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस हेही जुनंच. आता मशीन दिवसातून कधीही बंद पडून आपोआप सुरू होतं, प्रिंट देताना जास्त. मधूनच निळा पडदाही येतो. दोनदा फॉरमॅट मारून झाला, फरक नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड चांगला आहे. पीक विमा भरायची गर्दी तोंडावर आहे, काय करावं?

भाऊ, तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नका. आधी एक विचार करा: जुना बोर्ड गेला कशानं? बोर्ड स्वतःहून म्हातारा होऊन गेला असेल तर ठीक. पण लाईन वाढून आली, विजेच्या कडकडाटात गेला किंवा एसएमपीएसनं घास घेतला असेल, तर ते कारण अजून तुमच्या टेबलाखाली तसंच बसलेलं आहे. नवा बोर्ड त्याच कारणाच्या तोंडी दिला आहे. म्हणून नव्या बोर्डवर संशय घ्यायच्या आधी त्याच्याभोवतीचं जुनं सामान आणि भिंतीतली लाईन तपासायची.

पहिलं काम म्हणजे बंद पडण्याची जात ओळखणं. विंडोज निळा पडदा दाखवून लगेच रिस्टार्ट मारते, त्यामुळे लाईट गेल्यासारखं वाटतं आणि दोन वेगळे आजार एकच भासतात. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा. यापुढे निळा पडदा आला तर तो थांबून राहील आणि त्यावरचा मजकूर मोबाईलमध्ये टिपता येईल.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. लाल खुणेच्या 'कर्नेल-पॉवर ४१' नोंदी दिसतील. नुसती ही नोंद काहीच सांगत नाही, मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं एवढाच तिचा अर्थ. खरी माहिती तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'बगचेक कोड'समोर असते. तिथं शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली: लाईन, यूपीएस, एसएमपीएस, शॉर्ट किंवा अतिउष्णता. शून्य नसेल तर निळा पडदा आलेला होता, आणि तो आकडा रॅम, डिस्क, ड्रायव्हर यांपैकी कुठं बघायचं ते सांगतो. मशीन गोठलं म्हणून तुम्हीच बटण दाबून धरलं असेल तरी कोड शून्यच येतो, पण त्या वेळी 'पॉवर बटण टाइमस्टॅम्प'समोर शून्य नसतं. आठ-दहा नोंदी उघडून कागदावर तारीख, वेळ, कोड आणि तेव्हा काय काम चालू होतं ते लिहा. या कागदावरूनच पुढचा रस्ता ठरतो.

तुमच्या वर्णनावरून बहुतेक नोंदी शून्याच्या निघतील, कारण प्रिंट देताना मशीन पडतं. लेझर प्रिंटर यूपीएसच्या मागच्या सॉकेटला किंवा यूपीएसवरून काढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेला आहे का, ते आत्ताच बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो. लेझर प्रिंटरचा हीटर तापताना तेवढे किंवा त्याहून जास्त वॅट एका झटक्यात ओढतो. यूपीएस ओव्हरलोड होऊन क्षणभर दबतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नाही, त्याला भिंतीतलं वेगळं सॉकेट द्या. इंक टँक प्रिंटर यूपीएसवर चालतो. एवढ्या एका बदलानं दिवसभर मशीन टिकलं, तरी पुढचं तपासणं सोडू नका, कारण दबलेला यूपीएस आणि थकलेला एसएमपीएस जोडीनं राहतात.

यूपीएसची परीक्षा अशी: काम सेव्ह करा, मशीनवर व्हिडिओ चालू ठेवा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. मशीन त्याच क्षणी बंद झालं तर बॅटरी गेली आहे किंवा यूपीएसला लाईनवरून बॅटरीवर यायला वेळ लागतो आहे. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत थकते. मल्टिमीटर लावून बघा: पूर्ण चार्ज होऊन मोकळी ठेवल्यावर १२.५ च्या वर हवी, आणि लोडवर दोन मिनिटांत १०.५ च्या खाली आली तर बदला. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर हवा. 'नॉर्मल' मोडमध्ये बदल इतका सावकाश होतो की कॉम्प्युटर तग धरत नाही.

आता एसएमपीएस, आणि इथं जरा थांबून बघा. माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावर आहे. डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, तेवढीच कामाची ताकद. आय-५ २४०० एकटा ९५ वॅटचा आहे आणि ते सगळे प्रोसेसरजवळच्या चार पिनी जोडातून, १२ व्होल्टच्या तारेवरून येतात, म्हणजे सुमारे ८ अँपिअर. जुन्या, फुगलेल्या कपॅसिटरचा एसएमपीएस मोकळा असताना १२ व्होल्ट नीट दाखवतो आणि काम पडलं की ढेपाळतो. हिरवी-काळी तार जोडून पंखा फिरवून बघितला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्या तपासणीत लोडच नसतो.

मोजायचं चालू मशीनवर, लोड देऊन. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममधला स्ट्रेस टेस्ट (मशीनवर मुद्दाम जोर देणारी चाचणी) लावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी काडी रिकाम्या मोलेक्सच्या (जुन्या डिस्कला लागणाऱ्या चार पिनी जोडाच्या) काळ्या तारेत आणि लाल काडी २४ पिनी जोडाच्या मागून, तारेच्या बाजूनं आत सरकवा. पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७ या हद्दीत राहिली पाहिजे. काडी दोन तारांना एकदम लागू देऊ नका. पिवळ्या तारेचा आकडा लोडवर ११.४ च्या खाली घसरला की चर्चा संपली, एसएमपीएस बदला. करड्या तारेवरही बघा. 'वीज ठीक आहे' असा ५ व्होल्टचा निरोप एसएमपीएस त्या तारेवरून बोर्डाला देतो. हा निरोप पळभर तुटला तरी बोर्ड स्वतःला रीसेट करतो, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोड शून्य येतो.

नवा एसएमपीएस घेताना १०० ते २४० व्होल्ट इनपुट आणि ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असलेला घ्या. रब्बीत पंपांना थ्री फेज लाईन सुरू झाली की गावातल्या डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज कुठल्या कुठे उतरतं. बल्ब पिवळे पडतात, तेव्हा साधा एसएमपीएस आतून रिकामा होत असतो. फक्त एक अडचण लक्षात ठेवा: काही ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर नीट चालत नाहीत, लाईन गेली की बंद पडतात. म्हणून विकत घेताना तुमचा यूपीएस सोबत न्या आणि दुकानातच प्लग काढून बघा.

भिंतीतली लाईनही मोजा. मीटर ७५० व्होल्ट एसीवर. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे घ्या, सकाळी एकदा आणि पंप चालू असताना एकदा. न्यूट्रल-अर्थमध्ये २-३ व्होल्टपर्यंत चालतं. फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास येण्याऐवजी ८०, १२० असे भटके आकडे आले तर अर्थिंग नुसती नावाला आहे. कॅबिनेटला हात लावला की बारीक करंट मारतो, तो यामुळेच. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरची गळती जायला जमीन सापडत नाही, म्हणून ती पत्र्यावर सुमारे अर्ध्या व्होल्टेजनं उभी राहते. अशा वेळी यूएसबीत फिंगरप्रिंट मशीन किंवा प्रिंटरची केबल खुपसताना ठिणगी पडते, पोर्ट जातो, कधी बोर्ड रीसेट होतो. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. पावसाळ्यात चाललेली अर्थिंग मे महिन्यात मेलेली असते. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का बघा आणि उन्हाळाभर आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर पाणी टाकत जा. नवी अर्थिंग करणं हे वायरमनचं काम, ते स्वतः करू नका.

डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर घरात २३० च्या जागी ३०० ते ४०० व्होल्टही येऊ शकतं. गावात एकाच दिवशी चार घरांचे टीव्ही आणि तुमचा बोर्ड गेला असेल तर कारण बहुधा हेच. यावर स्टॅबिलायझरपेक्षा मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बरा, कारण तो लाईन तोडतो. आणि जून महिन्यात विजा कडाडत असताना प्लगबरोबर इंटरनेटची लॅन केबलही काढा. छतावरून आलेल्या तांब्याच्या तारेतून झटका थेट लॅन पोर्टात शिरतो.

वीज ठीक निघाली तर कॅबिनेट उघडा, पण आधी प्लग काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबा. एच६१ चे स्वस्त बोर्ड पूर्ण आकाराचे नसतात, अरुंद असतात, आणि त्यांना बहुतेक सहाच भोकं असतात. जुन्या बोर्डासाठी लावलेले पितळी खांब कॅबिनेटमध्ये तसेच राहिलेले असतात. ज्या खांबावर बोर्डाचं भोक येत नाही तो खांब बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो. थंड असताना टेकत नाही, तापून बोर्ड जरा वाकला की टेकतो, आणि मशीन दुपारीच का बंद पडतं हे कोणाला उमगत नाही. बोर्ड बाहेर काढा, खांब मोजा, भोकाशिवायचा प्रत्येक खांब काढून टाका. अरुंद बोर्डाची उजवी कड हवेत लोंबते, तिथं प्लास्टिकचा टेकू द्या, नाहीतर रॅम दाबताना बोर्ड वाकून सोल्डर तडकतं. मागच्या पत्र्याच्या पट्टीची एखादी जीभ यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात शिरली आहे का, तेही बघा. पुढच्या यूएसबीची नऊ पिनी जोडणी एक घर सरकून बसली असेल तर पेनड्राइव्ह लावताच मशीन बंद पडतं. शंका असेल तर ती जोडणी काढून दोन दिवस मागच्या पोर्टांवर काम करा.

बोर्ड बाहेर काढलाच आहे तर पाठीवरून कूलरच्या (प्रोसेसरवरच्या पंख्याच्या) चारही पिना बघा. इंटेलच्या मूळ पंख्याची एक पिन अर्धवट बसणं हा बोर्ड बदलल्यानंतर होणारा अगदी नेहमीचा दोष. चारही ठिकाणी मधली काळी काडी पांढऱ्या पाकळ्या फाकवून पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. पिना बसवताना समोरासमोरच्या जोड्यांनी दाबायच्या, टक असा आवाज यायला हवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवायची, बोटानं पसरवायची नाही. मग एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. लोडवर ८०-८५ अंशांच्या आत राहिलं तर ठीक. काही मिनिटांत ९५ च्या पुढे गेलं तर आधी प्रोसेसर मंदावतो आणि तरी उतरलं नाही तर बोर्ड मशीन बंद करतो. अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या छताखाली दुपारी हवाच चाळिशीच्या वर असते, त्यामुळे मोकळ्या बसलेल्या प्रोसेसरचं ५५ तापमान तेव्हा आजार नाही. या बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणाऱ्या मॉस्फेटांना बहुधा हीटसिंक नसतो. ९५ वॅटचा आय-५ त्यांना जड जातो, ६५ वॅटचा आय-३ २१२० सोपा जातो. तुमच्या बोर्डाला कॅबिनेटचा मागचा पंखा लावणं म्हणूनच गरजेचं आहे.

डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. गार वाटतो, पण ती ओलसर हवा धुळीबरोबर आणि कापसाच्या तंतूंबरोबर रॅमच्या खाचेत बसते आणि पट्ट्यांवर गंज चढतो. कूलरची मोटर आणि पाण्याचा पंपही कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

आता शून्य नसलेल्या नोंदी. इव्हेंट व्ह्यूअर हा आकडा दशमान पद्धतीत देतो, निळ्या पडद्यावर तोच वेगळ्या रूपात दिसतो, म्हणून गोंधळू नका. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे पेज फॉल्ट: आधी रॅम बघा. १० आणि २०९ ड्रायव्हरकडे किंवा रॅमकडे बोट दाखवतात. १२२ आला तर डिस्क किंवा तिची केबल. २७८ ग्राफिक्सचा. २९२ म्हणजे प्रोसेसर, त्याची वीज किंवा उष्णता, तेव्हा पुन्हा एसएमपीएस आणि कूलरकडे वळा. १२३ म्हणजे विंडोजला बूटची डिस्कच सापडत नाही. जुन्याच विंडोजवर बोर्ड बदलला आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) वेगळा राहिला, की हा येतो. तुम्ही फॉरमॅट मारलेला असल्यानं तो तुम्हाला दिसू नये.

दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर तो बहुधा रॅमचा इशारा समजा. दोन्ही रॅम काढा, पट्ट्या खोडरबरनं हलक्या घासून अल्कोहोलनं पुसा. एकच रॅम लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. रात्री लावून ठेवायची चाचणी आहे ही. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम बाद. मग दुसरी रॅम त्याच खाचेत, आणि नंतर चांगली रॅम दुसऱ्या खाचेत. रॅम दोन्ही चांगल्या, पण एका खाचेत लावली की ओळखतच नाही किंवा चुका येतात, असं झालं तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. पिनांच्या सरळ ओळींत एखादी वाकलेली लगेच चमकते. वाकलेल्या एका पिनेनं रॅमचा अख्खा चॅनेल जातो. कूलर एका बाजूनं जास्त आवळला तरी असंच होतं, म्हणून तो सैल करून एकदा बघा. पुढेमागे ८ जीबीची स्वस्त डीडीआर३ रॅम घेणार असाल तर 'फक्त एएमडी बोर्डासाठी' असलेली घेऊ नका, इंटेलच्या एच६१ वर ती चालत नाही.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. 'रिअलोकेटेड सेक्टर' (डिस्कचे खराब होऊन बाद झालेले भाग) वाढत असतील तर आधी डेटाची कॉपी काढा, बाकी नंतर. 'सीआरसी एरर काउंट' (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल बदला. बोर्ड बदलताना जुनी केबल ओढली-वाकवली जाते, आणि मशीन अर्धा मिनिट गोठून पुन्हा चालू लागतं ते त्यामुळे.

विंडोज दोषी आहे की सामान, याचा निकाल लावायला उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकून 'ट्राय' पर्यायानं तीन तास चालवा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून ठेवा. डिस्कवर काही इन्स्टॉल करायचं नाही. तिथंही मशीन पडलं तर सामानात दोष, फॉरमॅटनं जाणार नाही. तिथं टिकलं आणि विंडोजवर पडलं तर ड्रायव्हर किंवा डिस्क. दुकानात सगळ्या मशीनला एकाच पेनड्राइव्हवरून 'ड्रायव्हर पॅक' मारतात, ती पद्धत मला मान्य नाही. त्यात बोर्डाशी न जुळणारे ड्रायव्हर घुसतात आणि निळे पडदे तिथूनच सुरू होतात. आय-५ २४०० च्या आतल्या ग्राफिक्ससाठी इंटेलनं विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर काढलेलाच नाही. विंडोज अपडेटमधून जो येतो तोच राहू द्या. फिंगरप्रिंट मशीनची आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी लागणारा प्रोग्रॅम) आणि प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र त्या-त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आणि मशीन दोन दिवस स्थिर चालल्यावर एकेक करून टाका.

नव्या म्हणून मिळालेल्या बोर्डात सीआर२०३२ चा सेल कधी कधी आधीच उतरलेला असतो. मीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. नाहीतर लाईट गेली की तारीख मागे जाते आणि सरकारी साइट सर्टिफिकेटची चूक दाखवून उघडत नाही. बायोसची सेटिंग एकदा 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स'वर आणा. बायोस अपडेटच्या मागे लागू नका. तुमचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर एच६१ वर त्याशिवाय चालतो, आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा बसतो.

एवढं सगळं करूनही मशीन पडत असेल, तर शेवटची चाचणी: बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा वरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, तपासलेली एक रॅम आणि दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस एवढंच लावा, मॉनिटर बोर्डाच्याच पोर्टला. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. इथं पडलं, आणि तोच प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर नीट चालला, तर दोष बोर्डात आहे हे सिद्ध झालं. मग दुकानदाराकडे नुसती तक्रार नेऊ नका. नोंदींचा कागद, मेमटेस्टच्या निकालाचा फोटो, लोडवरच्या १२ व्होल्टच्या आकड्याचा फोटो आणि सॉकेटच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो घेऊन जा. बोर्ड परत देताना सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावा. ते नसेल तर वाटेत पिन वाकते आणि 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकारतात. झाकण हरवलं असेल तर दुकानातून दुसरं मागून घ्या, तोपर्यंत प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहिलेला आहे का, तेही निघण्याआधी पडताळून घ्या.